सामायिक कार्यशाळेतले व्हिडिओ प्रशिक्षण: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

ज्या सामायिक कार्यशाळेचा मी गेली चार वर्षे सदस्य आहे, तिथे वर्षभरापूर्वी यंत्रांचे प्रशिक्षण देण्याची पद्धत बदलली. आधी नव्या सदस्यांना महिन्यातून एकदा एकत्र बोलावून प्रत्येक यंत्रासमोर उभे करून सारे काही तोंडी समजावले जाई. आता त्यातला सांगण्याचा भाग छोट्या व्हिडिओंमध्ये गेला आहे आणि प्रशिक्षकाचा वेळ फक्त यंत्र प्रत्यक्ष चालवण्यासाठी राखून ठेवलेला आहे. टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) आणि ड्रिल मशीन मी जुन्या पद्धतीने शिकलो, तर लाकडाचा लेथ (लाकूड फिरवत ठेवून त्याला आकार देणारे यंत्र), लेझर कटर आणि बेंच ग्राइंडर (फिरत्या दगडावर घासायचे यंत्र) नव्या पद्धतीने. मध्यंतरी बरेच महिने टेबल सॉला हात न लावल्यामुळे माझी त्या यंत्राची परवानगी संपली आणि ती नव्या पद्धतीने पुन्हा मिळवावी लागली, त्यामुळे एकच यंत्र दोन्ही मार्गांनी शिकण्याचा योगही आला. आपल्या कार्यशाळेत असा बदल करावा की नाही, या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

जुन्या पद्धतीत आठ-दहा जण करवतीभोवती कोंडाळे करून उभे राहत. पुढच्या दोघा-तिघांना पाते आणि फळी दिसे, मागच्यांना प्रशिक्षकाची पाठ. आमचे प्रशिक्षक जाणकार आणि मनापासून शिकवणारे आहेत, परंतु तीच माहिती वर्षानुवर्षे सांगताना कधी एखादा मुद्दा सुटे, कधी प्रश्नोत्तरांत वेळ जाई आणि शेवटची यंत्रे घाईत उरकावी लागत. माझ्या तुकडीत प्रत्येकाच्या वाट्याला टेबल सॉवर जेमतेम एक काप आला, तोही नऊ जण बघत असताना. तेवढ्या वेळात ते यंत्र इतर सदस्यांना वापरता येत नव्हते, आणि ठरलेल्या दिवशी ज्याला जमले नाही त्याला पुढच्या महिन्यापर्यंत थांबावे लागे.

नव्या पद्धतीत टेबल सॉचा पाठ एकूण ११ मिनिटांचा आहे आणि त्याचे सात तुकडे केलेले आहेत: यंत्राची ओळख, पात्याची उंची, फेन्स (फळी सरळ सरकावी म्हणून पात्याशेजारी लावायची पट्टी), उभे राहण्याची जागा, उभा काप, आडवा काप आणि काम संपल्यावर करायच्या गोष्टी. तुकडे लहान ठेवण्याला चांगला आधार आहे. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ साली एडेक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांमधील व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोकांचे तो पाहण्यात टिकणे साधारण सहा मिनिटांच्या पुढे जात नाही, असे त्यांना आढळले. आमच्या कार्यशाळेतला एकही तुकडा तीन मिनिटांच्या वर नाही. या लहान तुकड्यांचा दुसरा फायदा मला पुढे कळला, त्याविषयी नंतर लिहितो.

चित्रीकरणातली सर्वांत चांगली निवड म्हणजे कॅमेऱ्याची जागा. मुख्य कृती समोरून न दाखवता प्रशिक्षकाच्या खांद्यावरून, म्हणजे काम करणाऱ्याच्या डोळ्यांना जसे दिसते तसे, दाखवलेली आहे. समोरून घेतलेल्या दृश्यात डावा हात उजवीकडे दिसतो आणि बघणाऱ्याला मनातल्या मनात चित्र उलटवून घ्यावे लागते. फिओरेला, व्हॅन गॉग, होगरहाइड आणि मेयर यांनी २०१७ साली विद्युत जोडणीच्या कामावर केलेल्या प्रयोगांतही करणाऱ्याच्या नजरेतून घेतलेला व्हिडिओ पाहणाऱ्यांना ते काम अधिक चांगले जमले. फेन्स पात्याला समांतर आहे की नाही हे तपासताना अंगठा कुठे टेकवायचा आणि मोजपट्टी कोणत्या दातापासून धरायची, हे जुन्या तुकडीत मला अजिबात दिसले नव्हते. इथे ते पडदाभर दिसते.

किकबॅक, म्हणजे फळी वापरणाऱ्याकडे उलटी फेकली जाणे, समजावणारा भाग विशेष जमला आहे. पात्याची मागची बाजू फिरताना खालून वर येते आणि मग दात वापरणाऱ्याच्या दिशेने धावतात. कापलेली फट मागे आवळली किंवा फळी फेन्स आणि पाते यांच्यामध्ये अडकली, तर हे मागचे दात तिला उचलून थेट वापरणाऱ्याकडे भिरकावतात. २५० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर त्याच्या दाताचा वेग सेकंदाला सुमारे ५२ मीटर, म्हणजे ताशी १८८ किलोमीटरच्या आसपास होतो. हा आकडा पडद्यावर दाखवून, पाते हाताने हळूहळू फिरवत, कोणता दात कुठे टेकतो ते या भागात दाखवले आहे. पात्याच्या लगेच मागे उभी असलेली पोलादी पट्टी, म्हणजे रिव्हिंग नाइफ, फट आवळू देत नाही आणि फळीला मागच्या दातांवर सरकू देत नाही. इतकी वर्षे ती पट्टी मी यंत्राचा एक भाग म्हणून पाहत आलो होतो; ती तिथे का आहे, हे मला या दीड मिनिटात उमगले. चालू यंत्रावर, आठ जणांच्या गर्दीत, इतक्या संथपणे हे कोणालाच दाखवता आले नसते.

आता उणिवा. पहिली गंभीर उणीव लेथच्या व्हिडिओत होती. व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रांचा होता आणि त्यात लेथ मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर चालवलेला होता. मिनिटाला १,५०० म्हणजे सेकंदाला बरोबर २५ फेरे; प्रत्येक चित्र टिपले जाईपर्यंत चक, म्हणजे लाकूड पकडून फिरवणारा भाग, एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा त्याच जागी येई. परिणामी पडद्यावर चक थांबलेला दिसत होता आणि प्रशिक्षकांचा हात त्याच्या जवळ होता. चार जबड्यांच्या चकाच्या बाबतीत हाच भास ३७५ फेऱ्यांनाही होतो, कारण पाव फेऱ्यानंतर चक पहिल्यासारखाच दिसतो. जाणकाराला हे कॅमेऱ्यामुळे होते हे कळते, परंतु ज्याने आयुष्यात लेथ पाहिलेला नाही त्याच्या मनात फिरणाऱ्या चकाचे पहिले चित्र स्थिर चकाचे बसणे, हे मला अत्यंत धोक्याचे वाटले. मी ही गोष्ट कळवल्यावर तो तुकडा कॅमेऱ्याचे शटर मंद ठेवून पुन्हा चित्रित केला गेला आणि आता चक फिरताना धूसर, म्हणजे प्रत्यक्षात दिसतो तसाच, दिसतो. फिरत्या यंत्राचे चित्रीकरण करणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट आधी तपासावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी उणीव आवाजाची आहे आणि ती अजून पुरती दूर झालेली नाही. यंत्र शिकणे म्हणजे बऱ्याच अंशी त्याचा आवाज ओळखायला शिकणे असते. पाते बोथट झाले, फळी फार जोराने ढकलली किंवा लेथवर हत्याराची धार चुकीच्या कोनात लागली, की हाताला आणि डोळ्याला कळण्याआधी ते कानाला कळते. मोबाइलचा माइक मात्र मोठा आवाज आपोआप दाबतो आणि लहान आवाज वाढवतो, त्यामुळे मोकळे फिरणारे पाते आणि लाकडात रडत जाणारे पाते व्हिडिओत जवळपास सारखेच ऐकू येतात. जळणाऱ्या लाकडाचा वास तर पडद्यातून येणे शक्यच नाही. एवढ्यासाठी तरी प्रत्यक्ष प्रशिक्षणाला पर्याय नाही, आणि आमच्या कार्यशाळेने तो शोधलाही नाही, हे मला या व्यवस्थेतले सर्वांत शहाणपणाचे वाटते.

कारण व्हिडिओचा खरा धोका त्याच्या चांगलेपणात आहे. मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही लोकांना एखाद्या कसबाचा व्हिडिओ एकदा आणि काहींना वीस वेळा दाखवला. वीस वेळा पाहणाऱ्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला. डार्ट फेकायला सांगितल्यावर मात्र त्यांचा नेम एकदा पाहणाऱ्यांपेक्षा चांगला लागला नाही. दुसऱ्या एका प्रयोगात, हवेत फेकून झेलण्याच्या खेळातल्या बाटलीच्या आकाराच्या पिना व्हिडिओ बघणाऱ्यांच्या हातात नुसत्या धरायला दिल्या, तेव्हा त्यांचा हा फुगलेला विश्वास खाली आला. हे मी वाचले तेव्हा लगेच पटले, कारण तोवर मी त्यातून गेलो होतो.

टेबल सॉची परवानगी पुन्हा घेताना मी सातही तुकडे तीन-तीनदा पाहिले होते, प्रश्नांची उत्तरे बिनचूक दिली होती आणि हे यंत्र मला पूर्वीपासून येते, असेही मनात होते. प्रशिक्षकांनी एक फळी हातात दिली, हात पाठीमागे बांधून ते बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "आता तुम्ही करा, मी बघतो." मी पात्याची उंची बरोबर लावली, फेन्स तपासला, पात्याच्या रेषेतून बाजूला उभा राहिलो, पुश स्टिक, म्हणजे फळी ढकलायची काठी, उजव्या हातात घेतली आणि काप सुरू केला. काप संपत आला तेव्हा सुटणारा अरुंद तुकडा पडू नये म्हणून माझा डावा हात आपसूक पात्याच्या पलीकडे जाऊ लागला. "हात!" एवढाच शब्द कानावर पडला आणि मी थिजलो. हात मागे घेऊन, पुश स्टिकने फळी पात्यापार नेऊन, यंत्र बंद करून, पाते पूर्ण थांबेपर्यंत आम्ही दोघेही गप्प उभे होतो. मग त्यांनी शांतपणे विचारले, "तो तुकडा पडला असता तर काय बिघडले असते?" काहीच बिघडले नसते. सुटा तुकडा पडू द्यावा, हे वाक्य व्हिडिओत आहे, मी ते तीनदा ऐकले होते आणि त्यावरच्या प्रश्नाचे उत्तरही बरोबर दिले होते. हाताला मात्र ते कळले नव्हते. पुढच्या पाऊण तासात मी चौदा काप केले आणि त्यातल्या पहिल्या पाचांत दोनदा तो हात पुन्हा उचलला गेला. त्यानंतर तो जागेवर राहू लागला.

हा पाऊण तास एकट्या माझा होता. जुन्या पद्धतीत तो मिळालाच नसता, कारण तेव्हा प्रशिक्षकांचा सगळा वेळ सांगण्यात जात असे. या सेवेचे मोल मला इथे दिसते. व्हिडिओमुळे प्रशिक्षक मोकळे झाले आणि शिकणाऱ्याच्या हातांकडे बघू शकले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी उभारलेल्या 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या कार्यक्रमात शिकवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: शिकणाऱ्याची तयारी करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. पहिल्या दोन पायऱ्या व्हिडिओ उत्तम सांभाळतो. तिसरी त्याला जमत नाही. ज्या कार्यशाळा व्हिडिओ दाखवून, चार प्रश्न विचारून यंत्राची किल्ली हातात देतात, त्या तिसरी पायरी गाळतात, आणि असे करणाऱ्या ठिकाणी मी तरी टेबल सॉच्या शेजारी उभा राहणार नाही.

सर्व यंत्रांना हे सारख्याच प्रमाणात लागू होत नाही. लेझर कटरच्या बाबतीत हाताच्या सवयीपेक्षा माहितीचा वाटा मोठा आहे आणि तिथे व्हिडिओ बरेचसे काम एकटा करतो. पीव्हीसी कधीही कापू नये, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो फुप्फुसांना घातक आहे आणि यंत्राचे लोखंडी भाग व आरसेही गंजवतो. पॉलिकार्बोनेट काळे पडते आणि पेट घेते. अॅक्रिलिक छान कापले जाते पण ज्वाला धरू शकते, म्हणून यंत्र चालू असताना क्षणभरही तिथून हलायचे नाही. अॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट या दोन पारदर्शक पत्र्यांत नुसत्या नजरेने फरक करणे नवख्याला शक्य नसते, म्हणून साहित्याची खात्री नसेल तर कापू नये, हे त्या व्हिडिओत तीन वेळा निरनिराळ्या शब्दांत येते. मला ही पुनरुक्ती मुळीच खटकली नाही.

परीक्षेच्या प्रश्नांबद्दल थोडे. सुरुवातीला चार पर्यायांचे नेहमीचे प्रश्न होते आणि त्यातले बरोबर उत्तर बहुधा सर्वांत लांब असे. आता त्यांच्या जागी, यंत्र बंद ठेवून आणि प्लग काढून मुद्दाम केलेल्या चुकीच्या मांडणीची छायाचित्रे येतात आणि त्यात काय चुकले ते शोधायचे असते: चकमध्ये राहिलेली किल्ली, ड्रिल मशीनवर शिकंजात न धरता हाताने धरलेली पट्टी, लेथसमोर हातमोजे घातलेला माणूस. हा बदल फार चांगला आहे. एक तक्रार मात्र उरते. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की संगणक तो पाहिला असे धरतो. समोर कोणी होते का, हे त्याला कळत नाही. सुदैवाने यंत्राचा विद्युतपुरवठा सदस्याच्या कार्डावर सुरू होतो आणि कार्डाला परवानगी प्रशिक्षकांनी प्रत्यक्ष काम पाहून सही केल्यावरच मिळते, त्यामुळे ही फट धोकादायक ठरलेली नाही.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो मात्र परवानगी मिळाल्यानंतर. प्रत्येक यंत्रावर एक क्यूआर कोड लावलेला आहे आणि त्यामागे त्याच पाठाचे सुटे तुकडे आहेत. चार महिन्यांनी एकदा लेथचा चक बदलायचा असतो, तेव्हा कोणती किल्ली कुठे लावायची हे आठवत नाही. नव्वद सेकंदांचा तुकडा पाहिला की काम सुरू होते आणि कोणाला बोलवावे लागत नाही. पाठाचे लहान तुकडे करण्याचा दुसरा फायदा तो हाच. भुशाने आणि तेलकट बोटांनी माखणारे हे कोड चालतील का, अशी मला शंका होती. क्यूआर कोडच्या सर्वांत उच्च दुरुस्ती पातळीत सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, आणि आमच्याकडे तीच पातळी निवडलेली आहे. वर्षभरात एकही कोड बदलावा लागलेला नाही. सुरुवातीला लोक यंत्रासमोर उभे राहून मोबाइल पाहत असत. ते बंद करण्यासाठी आता यंत्रापासून चार पावलांवर भिंतीला एक टॅब लावला आहे आणि तिकडे पाहायचे तर यंत्र बंद करून जावे लागते. व्हिडिओंखाली मजकूरही दिलेला आहे, त्यामुळे धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या गोंगाटात आवाजावाचून अडत नाही आणि ज्यांना कमी ऐकू येते त्या सदस्यांचीही सोय होते.

ही व्यवस्था उभारायची असेल तर चित्रीकरणापेक्षा देखभालीचा विचार आधी करावा. आमच्या ड्रिल मशीनचे बटण बदलले तेव्हा व्हिडिओत जुने हिरवे बटण आणि प्रत्यक्षात नवी खटकी, असे दोन महिने चालले. छापील सूचनेतली ओळ खोडून दुरुस्त करता येते, व्हिडिओत तसे करता येत नाही. आता प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात चित्रीकरणाची तारीख असते आणि यंत्रात काही बदल करणाऱ्याने संबंधित तुकडा काढून टाकण्याची नोंद त्याच दिवशी करायची, असा नियम झाला आहे. चुकीचा व्हिडिओ राहण्यापेक्षा काही दिवस तो तुकडा नसणे चांगले, आणि त्या काळात प्रशिक्षक तो भाग तोंडी सांगतात. तुकडे लहान असल्यामुळे पुन्हा चित्रित करायला अर्धा तास पुरतो.

एकूण ही सेवा मी निःसंकोचपणे चांगली म्हणेन. टेबल सॉ आणि लेथ यांसाठी ती पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, लेझर कटरसाठी सोयीची आहे. बेंच ग्राइंडरचा पाठ मात्र अगदी परवापर्यंत कच्चा होता. वस्तू टेकवायचा आधार आणि दगड यांमधले अंतर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये, आवरणाची वरची जीभ दगडापासून ६ मिलिमीटरच्या आत असावी, सुरू केल्यावर मिनिटभर बाजूला उभे राहावे, हे सगळे त्यात नीट होते. परंतु नवा दगड बसवण्याआधी तो टांगून, स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकून, त्याला तडा नाही याची आवाजावरून खात्री करायची असते, आणि नेमक्या त्या दृश्यामागे कोणीतरी संगीत घातले होते. शाबूत दगड आणि तडकलेला दगड, दोन्हींवर तीच धून वाजत होती. मागच्या आठवड्यात तो तुकडा बदलला. आता त्यात संगीत नाही, निवेदनही नाही. माइक दगडाच्या जवळ धरलेला आहे, एक दगड घंटेसारखा स्वच्छ वाजतो, दुसरा बद्द आवाज करतो, आणि तो दुसरा दगड तिथल्या तिथे हातोड्याने फोडून टाकलेला दिसतो.